प्रवाह सोडला की चुंबक उलटतो, तो कसा?

संगणकाच्या चिपविषयीच्या बातम्यांत हल्ली ‘एमरॅम’ हा शब्द वरचेवर भेटतो. वीज गेली तरी माहिती न विसरणारी आणि तरीही चपळ अशी ही मेमरी. बातमीत पुढे कुठेतरी ‘यात स्पिन-ध्रुवित प्रवाहाने चुंबकाची दिशा बदलली जाते’ असं एक वाक्य हमखास येतं, आणि बातमी तिथून पुढे सरकते. वाचणारा मात्र तिथेच अडकतो. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे तेच क्षेत्र चुंबकाला ढकलत असणार, अशी आपण मनाची समजूत घालतो.

इथे नेमकं तसं होत नाही. प्रवाहातले इलेक्ट्रॉन चुंबकाच्या आत शिरतात आणि स्वतःजवळची एक गोष्ट थेट त्याच्या हवाली करतात. ती गोष्ट कोणती आणि हा व्यवहार अगदी लहान चुंबकातच का जमतो, हे कळलं की बातमीतलं ते वाक्य आपोआप उलगडतं.

## चुंबकात माहिती साठवायची म्हणजे काय

तीस-चाळीस नॅनोमीटर रुंद आणि दीड-दोन नॅनोमीटर जाड अशी चुंबकीय धातूची चकती घ्या. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या लहान चकतीतले अणू साधारणपणे एकाच दिशेला तोंड करून असतात. त्या सामायिक दिशेला चुंबकन म्हणतात. चकतीचा आकार आणि पदार्थ असे निवडलेले असतात की चुंबकनाला दोनच दिशा सोयीच्या पडाव्यात, समजा वर आणि खाली. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०.

या दोन दिशांच्या मधे ऊर्जेचा एक चढ असतो. चढ पुरेसा उंच असेल तर माहिती टिकते. चढ ठेंगणा असेल तर आजूबाजूची उष्णताच चुंबकनाला धक्के देत देत पलीकडे नेते. किती उंच चढ लागतो, हे मोजता येतं. उष्णतेमुळे अणूंना मिळणाऱ्या सरासरी धक्क्याच्या ऊर्जेशी त्या चढाची तुलना करायची. चढ या ऊर्जेच्या २० पट असेल तर चुंबकन सरासरी अर्ध्या सेकंदात आपोआप उलटतं. तोच ४० पट केला की दहा वर्षांच्या आसपास टिकतं. पट दुप्पट झाली आणि आयुष्य अर्ध्या सेकंदावरून दहा वर्षांवर गेलं! पण ही सरासरी झाली एका चकतीची. चिपवर अशा कोट्यवधी चकत्या असतात आणि त्यातली एकही दगा देऊन चालत नाही. म्हणून अभियंते ६० किंवा त्याहून जास्त पट धरून चालतात.

हा चढ चकतीच्या आकारमानाच्या प्रमाणात असतो. चकती लहान केली की चढ उतरतो. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे.

## जुनी रीत कुठे अडली

चुंबकाने माहिती साठवण्याची कल्पना नवी नाही. १९५०च्या दशकातल्या संगणकांत फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या असत. आडव्या-उभ्या दोन तारांतून प्रवाह सोडला की जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथल्या कडीवर दोन्ही क्षेत्रांची बेरीज होई आणि ती कडी उलटे. २००६ साली बाजारात आलेल्या चार मेगाबिटच्या एमरॅम चिपमध्येही लिहिण्याचं काम तारांभोवतीचं क्षेत्रच करत होतं.

आता हीच चिप लहान करायला घ्या. चकती लहान झाली की चढ उतरतो, म्हणून जास्त हट्टी पदार्थ वापरावा लागतो. हट्टी पदार्थ उलटवायला जास्त क्षेत्र लागतं आणि जास्त क्षेत्रासाठी जास्त प्रवाह. पण चिप लहान म्हणजे तारही बारीक, आणि बारीक तारेला जास्त प्रवाह सोसत नाही. त्यात भर म्हणजे क्षेत्र काही एका चकतीपुरतं थांबत नाही, ते शेजारच्या चकत्यांनाही हलवतं. या वाटेने फार पुढे जाणं शक्य नव्हतं.

## स्पिन, आणि चुंबकाचा हिशेब

इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला आणखी एक अंगभूत गुण असतो, स्पिन. तो इलेक्ट्रॉनजवळचा कोनीय संवेग, म्हणजे गिरकीचा साठा. इलेक्ट्रॉन खरोखर गोल फिरतो असं चित्र मात्र डोळ्यांसमोर आणू नये. हा साठा त्याच्याजवळ कायम असतो, प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ सारखाच असतो, आणि एखाद्या दिशेने मोजला तर उत्तर दोनच प्रकारे येतं: त्या दिशेला किंवा तिच्या उलट. १९२५ साली ही कल्पना मांडली गेली.

लोखंड किंवा कोबाल्टचं चुंबकत्व मुख्यतः या स्पिनमधूनच येतं. त्यामुळे चुंबकन आणि कोनीय संवेग एकमेकांना बांधलेले आहेत. हे नुसतं कागदावरचं नातं नाही. १९१५ साली आइनस्टाइन आणि डी हास यांनी लोखंडाचा एक दंड धाग्याला टांगून त्याचं चुंबकन उलटसुलट केलं, तेव्हा तो दंड खरोखरच पीळ बसल्यासारखा वळला. आतले स्पिन उलटले, कोनीय संवेगाची बेरीज तर कायम राहायला हवी, म्हणून अख्ख्या दंडाने भरपाई केली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढचं सगळं त्याच हिशेबावर उभं आहे. चुंबक उलटायचा तर कोनीय संवेग कुठून तरी यावा लागतो आणि कुठे तरी जावा लागतो.

मग तो थेट प्रवाहातून का पुरवू नये?

साध्या तांब्याच्या तारेत हे जमत नाही. तिथे दोन्ही दिशांचे स्पिन सारख्याच संख्येने वाहतात आणि बेरीज शून्य येते. पण प्रवाह कोबाल्टच्या थरातून नेला तर त्या थराच्या चुंबकनाला जुळणारे स्पिन सुखाने पार होतात आणि विरुद्ध स्पिनवाल्यांची वाट बिकट होते. पलीकडे जो प्रवाह निघतो त्यात एका दिशेच्या स्पिनचा भरणा जास्त असतो. हाच स्पिन-ध्रुवित प्रवाह.

चुंबक प्रवाहाला असा गाळतो, याची झळाळती साक्ष १९८८ साली मिळाली. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की चुंबकीय थर एकाच दिशेचे आहेत की उलट, यावर प्रवाहाला होणारा रोध बराच बदलतो. त्यासाठी त्यांना २००७चं नोबेल मिळालं. यात चुंबकाचा परिणाम प्रवाहावर होतो. पण चुंबक जर इलेक्ट्रॉनचा स्पिन वळवत असेल, तर इलेक्ट्रॉननेही चुंबकाला वळवायला हवं. हा उलटा विचार १९९६ साली दोघांनी वेगवेगळा करून गणितात मांडला: आयबीएममधले जॉन स्लॉन्चेव्स्की आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातले ल्यूक बर्जर. २०१३ साली त्या दोघांना यासाठी बकली पारितोषिक मिळालं. या परिणामाचं नाव स्पिन ट्रान्सफर टॉर्क. टॉर्क म्हणजे पीळ. स्पिन हस्तांतरित झाल्यामुळे बसणारा पीळ.

## देवाणघेवाण जवळून पाहू

रचना साधी आहे. एक चुंबकीय थर जागेवर पक्का बसवलेला, त्याला स्थिर थर म्हणू. त्यावर एक पातळ बिगर-चुंबकीय थर. त्यावर दुसरा, पातळ चुंबकीय थर, जो उलटवायचा आहे. तो मुक्त थर.

इलेक्ट्रॉन स्थिर थरातून गाळून निघतात, मधला थर ओलांडतात आणि मुक्त थरात शिरतात. समजा मुक्त थराचं चुंबकन त्यांच्या स्पिनशी काटकोनाच्या जवळपास आहे. आत शिरल्यावर एखाद-दोन नॅनोमीटरच्या प्रवासातच इलेक्ट्रॉनचा स्पिन त्या चुंबकनाशी जुळवून घेतो. जुळवून घेताना त्याचा जो आडवा भाग नाहीसा झाला तो खरं तर नाहीसा होऊच शकत नाही, कारण बेरीज कायम राहायची आहे. तो चुंबकनाच्या खाती जमा होतो आणि चुंबकन जरासं वळतं.

एका इलेक्ट्रॉनचं हे देणं फारच क्षुल्लक. मग चकती उलटायला किती लागतील? ४० नॅनोमीटर व्यासाची, दीड नॅनोमीटर जाड चकती घेऊन ढोबळ गणित केलं तर तिच्यात सुमारे अडीच लाख इलेक्ट्रॉनांच्या स्पिनइतकं चुंबकन निघतं. ५० मायक्रोअँपियरचा प्रवाह दहा नॅनोसेकंद सोडला तर तेवढ्यात तीस लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन तिच्यातून जातात. सगळेच नीट ध्रुवित नसतात, काही देणं वाटेत वाया जातं, तरी पुरवठा मुबलक आहे. आता एक मिलिमीटर बाजूचा लोखंडाचा ठोकळा घ्या. त्याला त्याच प्रवाहाने, एकही देणं वाया न जाता उलटवायचं म्हटलं तरी सुमारे दोन आठवडे लागतील. प्रत्यक्षात ते कधीच होणार नाही, कारण चुंबकाला मिळालेला पीळ आतल्या आत नॅनोसेकंदांत जिरून जातो. स्पिन ट्रान्सफर टॉर्क रोजच्या आकाराच्या चुंबकांत कुणाला दिसला नाही, याचं हेच कारण. जो आकार जुन्या रीतीला नडला, तोच इथे कामी येतो.

आणि परत फिरवायचं असेल तर? प्रवाहाची दिशा बदलायची. आता इलेक्ट्रॉन मुक्त थराकडून स्थिर थराकडे निघतात. स्थिर थराला जुळणारे स्पिन पार होऊन जातात, विरुद्ध दिशेचे मात्र त्याच्या उंबरठ्यावरून परततात आणि मुक्त थरात पुन्हा शिरतात. ते आपला विरुद्ध स्पिन त्याला देतात आणि मुक्त थर स्थिर थराच्या उलट दिशेला वळतो. म्हणजे इलेक्ट्रॉन स्थिर थराकडून आले तर दोन्ही थर समांतर, स्थिर थराकडे गेले तर विरुद्ध. फक्त दिशा बदलून १ आणि ०, दोन्ही लिहिता येतात.

## मग थोड्या प्रवाहाने थोडा चुंबक का वळत नाही?

चुंबकन सोयीच्या दिशेपासून ढळलं की सरळ परत येत नाही. त्या दिशेभोवती ते सेकंदाला अब्जावधी फेऱ्या घालतं आणि हळूहळू वर्तुळ लहान करत मूळ जागी येतं. वर्तुळ लहान करणारी ही जी आतली ओढ, तिला अवमंदन म्हणतात. स्पिनचा पीळ बरोबर तिच्या उलट काम करतो, तो वर्तुळ मोठं करू पाहतो. झोक्याला प्रत्येक हेलकाव्याला वेळेवर हलका धक्का मिळाला आणि तो घर्षणाने जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा थोडा जरी जास्त ठरला तरी झोका चढत जातो, तसंच हे. धक्का कमी पडला तर कितीही वेळ दिला तरी झोका चढत नाही. म्हणून इथे उंबरठ्याचा एक प्रवाह असतो. त्याच्या खाली काहीच घडत नाही, आणि तो ओलांडला की वर्तुळ वाढत वाढत चढाच्या पलीकडे जातं.

यात एक गोम आहे. चुंबकन इलेक्ट्रॉनच्या स्पिनशी अगदी तंतोतंत समांतर किंवा तंतोतंत विरुद्ध असेल तर आडवा भाग उरतच नाही आणि पीळ शून्य होतो! सुरुवातीला दोन्ही थर अशाच अवस्थेत असतात. मग सुरुवात होते कशी? उष्णतेमुळे चुंबकन सतत किंचित थरथरत असतं, त्या थरथरीतून जो लहानसा कोन मिळतो तो पीळ पकडतो आणि वाढवत नेतो. माहिती टिकवण्याच्या कामात जी उष्णता शत्रू, तिच्याशिवाय लिहायला आरंभच होत नाही. पण थरथर नियमाने चालत नाही, त्यामुळे कधी उलटणं चटकन सुरू होतं, कधी काही नॅनोसेकंद रेंगाळतं. एकाच चकतीला तोच प्रवाह पुन्हा पुन्हा दिला तरी दर वेळी वेळ वेगळा लागतो. प्रवाह ठरल्या वेळी थांबवला आणि तोवर ती उलटलीच नाही, तर लिहिण्यात चूक होते. अशा चुका टाळण्यासाठी प्रवाह उंबरठ्यापेक्षा चांगलाच वर ठेवावा लागतो.

## हे प्रवाहाच्या चुंबकीय क्षेत्राचंच काम नाही कशावरून?

शंका रास्त आहे, कारण क्षेत्र तयार होतंच. वरच्याच चकतीचं गणित करू. ५० मायक्रोअँपियरने तिच्या कडेला सुमारे अर्धा मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते दहापट असलं, तरी असा चुंबक उलटवायला लागणारं क्षेत्र त्याच्या कितीतरी पट मोठं असतं. शिवाय हे क्षेत्र गोल फिरणारं आहे. मध्यभागी ते शून्य, एका बाजूला एका दिशेचं आणि दुसऱ्या बाजूला विरुद्ध दिशेचं. वर की खाली, यात त्याचा कल कुठेच नाही.

प्रयोगांनीही हेच सांगितलं. २०००च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने कोबाल्ट, तांबं, कोबाल्ट अशा थरांचे शंभर-सव्वाशे नॅनोमीटर रुंदीचे खांब तयार करून त्यांतून प्रवाह सोडला. एका दिशेच्या प्रवाहाने थर समांतर होत, उलट दिशेच्या प्रवाहाने विरुद्ध. स्लॉन्चेव्स्की-बर्जर यांच्या गणितात जी दिशा होती तीच निघाली.

त्या काळात दर चौरस सेंटीमीटरला कोटींच्या घरात अँपियर लागत. घरातल्या तारेत हाच आकडा काहीशेच्या आसपास असतो. एवढ्याने खांब वितळत कसा नाही? कारण छेदच इतका लहान की प्रत्यक्ष प्रवाह काही मिलिअँपियर भरतो, आणि एवढ्याशा जागेतली उष्णता भोवतालच्या धातूत झपाट्याने निघून जाते.

## वाचताना माहिती पुसली जात नाही का?

धातूच्या खांबांत समांतर आणि विरुद्ध अवस्थांतल्या रोधाचा फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे वाचणं कठीण. म्हणून मधला तांब्याचा थर काढून तिथे मॅग्नेशियम ऑक्साइड या विद्युतरोधी पदार्थाचा सुमारे एक नॅनोमीटर जाड पडदा घालतात. इतक्या पातळ पडद्यातून इलेक्ट्रॉन पुंजभौतिकीच्या नियमांनी आरपार जातात. २००४ साली जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवलं की या पडद्यामुळे विरुद्ध अवस्थेतला रोध समांतर अवस्थेच्या दुपटीपेक्षाही जास्त होऊ शकतो. मग ० आणि १ ओळखायला अडचण राहत नाही.

वाचतानाही प्रवाह त्याच वाटेने जातो हे खरंच. पण तो उंबरठ्याच्या बराच खाली ठेवतात, आणि उंबरठ्याखाली झोका चढत नाही हे आपण पाहिलं. उष्णतेच्या धक्क्याने क्वचित एखादी चकती वाचताना उलटू शकते, म्हणून वाचण्याचा आणि लिहिण्याचा प्रवाह यांत भरपूर अंतर राखावं लागतं.

मला जास्त काळजीची वाटते ती पडद्याची झीज. लिहिताना त्याच्यावर अर्धा व्होल्टच्या आसपास दाब पडतो. ऐकायला किरकोळ, पण एक नॅनोमीटरवर अर्धा व्होल्ट म्हणजे मीटरला ५० कोटी व्होल्ट. असे धक्के वारंवार बसून पडदा कधीतरी फुटतो. पेनड्राइव्हमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीपेक्षा या चकत्या कित्येक पटींनी जास्त वेळा लिहिता येतात, पण अमर्याद नाही.

## जवळ चुंबक आणला तर?

पुरेसा जोरदार चुंबक अगदी जवळ आणला तर माहिती बिघडू शकते. त्यासाठी चिपला चुंबकीय आवरण देतात आणि किती क्षेत्र सोसेल ते आधीच सांगून ठेवतात. रोजच्या वापरातल्या उपकरणांभोवतीची क्षेत्रं त्या मानाने दुबळी असतात.

## आडवं चुंबकन की उभं?

सुरुवातीच्या चकत्यांत चुंबकन थराच्या पातळीतच, आडवं असे. उलटताना फेऱ्या घालायच्या तर त्याला पातळीतून बाहेर डोकवावं लागे, आणि पातळ चकतीत ते फार खर्चाचं असतं. माहिती टिकवण्यात या खर्चाचा काडीचा उपयोग नाही, प्रवाह मात्र त्यापायी जास्त लागे. चुंबकन थराला उभं ठेवलं तर हा फुकटचा खर्च वाचतो. जो चढ माहिती टिकवतो, तोच तेवढा प्रवाहाला ओलांडावा लागतो. २०१० साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या गटाने कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या सीमेवर अशी उभी दिशा आपसूक मिळते हे वापरून ४० नॅनोमीटरची चकती ४९ मायक्रोअँपियरमध्ये उलटवून दाखवली. व्यापारी चिपना खरी गती या उभ्या रचनेमुळे आली, असं माझं मत आहे.

## मग सगळी मेमरी अशीच का नाही?

कारण तीन गोष्टी एकमेकींच्या विरोधात ओढतात. माहिती जास्त काळ टिकावी म्हणून चढ वाढवला की लिहायचा प्रवाह वाढतो. लवकर लिहायचं तरी प्रवाह वाढतो. आणि प्रवाह वाढला की तो पुरवणारा ट्रान्झिस्टर मोठा लागतो, मग चकती कितीही इवली असली तरी मेमरीची खोली, म्हणजे एक ० किंवा १ ठेवायची जागा, मोठीच राहते. प्रोसेसरच्या पोटातली सर्वांत वेगवान मेमरी अजून हिच्यापेक्षा चपळ आहे, आणि संगणकाची मुख्य मेमरी कमी जागेत जास्त माहिती ठेवते.

हिची खरी जागा सापडली ती छोट्या नियंत्रक चिपमध्ये. त्यांच्यात आजवर फ्लॅश असे, पण २८ नॅनोमीटरच्या पुढच्या पिढ्यांत (हा आकडा चिप बनवण्याच्या प्रक्रियेची पिढी सांगतो, तो जितका लहान तितकी पिढी नवी) फ्लॅश बसवणं किचकट आणि महाग होत गेलं. चुंबकीय चकत्या धातूच्या तारांच्या थरांमध्येच बसवता येतात. सॅमसंगने २०१९ साली २८ नॅनोमीटरच्या प्रक्रियेत अशी मेमरी उत्पादनात आणली. वीज बंद असताना माहिती राखायला काहीच ऊर्जा लागत नसल्यामुळे, बहुतेक वेळ झोपून राहणाऱ्या उपकरणांना ती विशेष सोयीची.

## पडद्याला न शिवता लिहिता येईल?

यावर आता बरंच काम चाललं आहे. प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन यांसारख्या जड धातूंत प्रवाह सोडला की वेगवेगळ्या स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या बाजूंना वळतात. १९७१ साली द्याकोनोव आणि पेरेल यांनी हे भाकीत केलं होतं. अशा धातूच्या पट्टीवर चकती ठेवली तर प्रवाह पट्टीतूनच आडवा जातो आणि स्पिन तेवढे वर चकतीत चढतात. २०११ आणि २०१२ साली प्लॅटिनम आणि टँटलम वापरून चुंबकन असं उलटवून दाखवण्यात आलं.

यात पडदा झिजत नाही, कारण लिहिण्याचा प्रवाह त्यातून जातच नाही. उभ्या चुंबकनाच्या चकतीत स्पिन काटकोनात येत असल्यामुळे पीळ पहिल्या क्षणापासून मिळतो, थरथरीची वाट पाहावी लागत नाही, आणि उलटणं एका नॅनोसेकंदाच्या आतही उरकतं. शिवाय आधीच्या रचनेत एक इलेक्ट्रॉन आपलं देणं एकदाच देऊ शकत होता. इथे पट्टीतून जाता जाता तोच इलेक्ट्रॉन सीमेवर अनेकदा येऊन प्रत्येक वेळी थोडं थोडं देऊ शकतो.

अडचणी दोन आहेत. लिहायची वाट वेगळी आणि वाचायची वेगळी, म्हणून प्रत्येक खोलीला तीन टोकं लागतात आणि सहसा दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे जागा पुन्हा वाढते. दुसरी अडचण भौतिकीची: पट्टीतून येणारे स्पिन आडवे असल्यामुळे उभ्या चुंबकनाला ते आडवं पाडतात, पण तिथून वर जायचं की खाली हे त्यांना ठरवता येत नाही. ते ठरवण्यासाठी एखादं लहानसं क्षेत्र बाहेरून द्यावं लागतं, किंवा चकतीच्या रचनेतच मुद्दाम डावं-उजवं असा भेद ठेवावा लागतो. कोणता भेद कमी खर्चात आणि कोट्यवधी चकत्यांत सारखा जमेल, यावर प्रयोगशाळांत सध्या काम सुरू आहे.